बारावीला ८९ टक्के आणि पहिल्याच सेमला तीन विषय राहिले: पुण्यात नव्याने कॉलेजला आलेल्यांसाठी

खडूफळा, १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या दिवसांत ओळखीपाळखीतून फोन येतात. "आमची पोर पुण्यात आलीय, जरा अभ्यासाचं सांगा ना तिला." तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून यंदा एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वर्षीपासून सरळ लिंक पाठवेन.

आधी माझी कर्मकहाणी. मी सांगोल्याची. १९९८ साली ८९ टक्क्यांचा तोरा घेऊन इंजिनिअरिंगला पुण्यात आले. सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर तिघी राहायचो. अभ्यास करत नव्हते असं अजिबात नाही. माझ्या वह्या मैत्रिणी झेरॉक्सला न्यायच्या. व्याख्या लाल पेनाने, सूत्राला निळा चौकोन आणि महत्त्वाच्या ओळीखाली हिरवं स्केचपेन. प्रत्येक धडा चारदा वाचलेला. इलेक्ट्रिकलच्या पेपरला ट्रान्सफॉर्मरची आकृती आली. ती डाव्या पानावर खाली आहे, तिच्याखाली हिरवी रेघ आहे, शेजारी चहाचा डाग आहे, सगळं लख्ख दिसत होतं. आकृती तेवढी दिसत नव्हती.

तीन विषय राहिले. वडील स्वारगेटला भेटायला आले, एक शब्द बोलले नाहीत, डझनभर केळी घेऊन दिली आणि परतीच्या एसटीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

माझी एक रूममेट होती. तिची वही म्हणजे कोंबडीचे पाय. पण ती काकांच्या बँकेतून कॉम्प्युटर प्रिंटआउटचे पाठकोरे कागद आणायची, ते दोन्ही कडांना भोकं असलेले. रोज रात्री जेवण झालं की पुस्तक आणि वही मिटून त्या दिवशी वर्गात काय झालं ते त्या कागदावर बडबडल्यासारखं लिहायची. वीस मिनिटं. मग वही उघडून लाल पेनाने स्वतःच्या चुका काढायची आणि कागद कॉटखाली फेकायची. महिन्याअखेरी गठ्ठा रद्दीत. मला ते फार गबाळं वाटायचं. तिचे सगळे विषय निघाले होते म्हणून नाइलाजाने मीही सुरू केलं. पहिल्या रात्री चार ओळी सुचल्या. पन्नास मिनिटांचं लेक्चर, पुढच्या बाकावर बसून ऐकलेलं, आणि चार ओळी!

नंतर अकरा वर्षं मी स्वतः गणित शिकवलं. शंका विचारायला येणाऱ्यांत दोन जाती असतात. एक म्हणतो, "मॅम, पूर्ण चॅप्टरच समजला नाही." दुसरा विचारतो, "तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?" हा दुसरा हुशार असतोच असं नाही. त्याने पुस्तक मिटून करून बघितलेलं असतं एवढंच, म्हणून कुठे अडतंय ते त्याला ठाऊक असतं. पहिल्याने फक्त वाचलेलं असतं.

सांगायचं ते इतकंच. बाकी टाइमटेबल, अलार्म, अ‍ॅप वगैरे ज्याला जे आवडेल ते. आता तुम्ही बोला.

पेठेतला_पोपट, १८ ऑगस्ट, रात्री १०:०५

पुण्यात लोक अभ्यासाला येतात हे वाचून करमणूक झाली. (हलकं घ्या.)

पहिल्या सेमचं खरं टाइमटेबल लिहून घ्या. अ‍ॅडमिशनच्या फेऱ्या संपता संपता ऑगस्ट उजाडतो. पोरगं हॉस्टेलला स्थिरावतं तोवर नदीपात्रात ढोल-पथकांचे सराव जोरात. मग दहा दिवस गणपती. ज्याला नाटकाचा किडा आहे तो पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत बॅकस्टेजला खिळे ठोकत. मग नवरात्र, दिवाळी, घरी फराळ, आणि परत आल्यावर नोटीस बोर्डावर परीक्षेचं वेळापत्रक. हे सगळं मी स्वतः भोगलंय. ताशा अजून वाजवतो, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, चौथ्या फटक्यात निघाला.

मामा_हडपसर, १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा अगदी वेळेवर आला. भाची नांदेडहून आलीय, कॉम्प्युटरला. आमच्याकडे हडपसरला राहते, कॉलेज कोथरूडच्या पलीकडे. पीएमपीने जायला दीड तास, यायला दीड, मध्ये बस बदलायची. घरी येते साडेसहाला, चेहरा पार उतरलेला. मी तिला भिंतीवर टाइमटेबल लावून दिलं होतं, पहाटे ५ ते ७ आणि रात्री ८ ते ११. तीन दिवस चाललं. आता आमची ही म्हणते की पोरीला रूम बघून द्या किंवा अभ्यासिका लावा. काय करावं?

खडूफळा, १८ ऑगस्ट, रात्री ११:१०

मामा, ते टाइमटेबल आजच उतरवा. पाळता न आलेलं टाइमटेबल भिंतीवर रोज टोमणे मारत बसतं.

बसमध्ये पुस्तक काढू नका म्हणावं. उभ्याने वाचून होत नाही आणि डोकं दुखतं. सकाळी जाताना डोळे मिटून कालचं आठवायचं: काल मॅथ्सला काय झालं, पहिलं उदाहरण कोणतं, कशावर संपलं? जिथे गाडी अडेल तेवढंच कॉलेजला पोचल्यावर वहीत बघायचं. येताना झोपू द्या तिला. रात्री पाठकोऱ्या कागदावर वीस मिनिटं, बास. रविवारी सकाळी दोन तास आठवड्याचं राहिलेलं, विशेषतः गणितं. वर्ग सुरू असताना पहिल्या वर्षाला याहून जास्त लागत नाही. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, लागतं, तेव्हाचं तेव्हा बघू.

रूमचं सध्या राहू द्या. पहिल्या सहा महिन्यांत घरचं गरम जेवण मिळतंय ही चैन आहे.

विसरभोळा, १९ ऑगस्ट, सकाळी ८:१५

मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे म्हणून थोडी भर.

१८८५ साली, म्हणजे आपलं फर्ग्युसन सुरू झालं त्याच वर्षी, जर्मनीत हर्मन एबिंगहाउसने विसरण्यावरचं पुस्तक छापलं. प्रयोगातला उंदीर तो स्वतःच. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के कष्ट वाचले, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे घसरण होते ती पहिल्या दिवसातच, पुढे ती मंदावते. रात्रीच्या वीस मिनिटांचं मोल त्यात आहे. (क्लासवाले "चोवीस तासांत माणूस सत्तर टक्के विसरतो" असं ठोकून देतात ते यावरूनच. आकडे परत पाठ करताना वाचलेल्या कष्टांचे आहेत, तेही निरर्थक अक्षरांचे. ट्रान्सफॉर्मर तितका निरर्थक नसावा.)

दुसरा प्रयोग २००६ चा, रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा, अमेरिकेतला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. दोन दिवसांनी ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६. खडूफळाताईंची हिरवी रेघ म्हणजे ते पाच मिनिटांनंतरचे ८१ टक्के. वाचून झाल्या झाल्या "आलं की सगळं" असं वाटतं ते खोटं नसतं, फक्त आठवडाभर टिकत नाही.

वकीलबाई, १९ ऑगस्ट, दुपारी १:२०

हा धागा इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठी काढलेला दिसतोय. कायद्याला या, पाठकोरा कागद काय करतो बघू. आमच्याकडे एकेक निकालपत्र शेकडो पानांचं. केशवानंद भारती, १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. ते मिटून लिहायला घेतलं तर एक जन्म पुरायचा नाही.

मी जयकर ग्रंथालयात बसून आधी सगळं वाचायचे. आणि मग रूमवर येऊन बी.कॉम.च्या मैत्रिणीला पाच वाक्यांत सांगायचे: भांडण काय, प्रश्न काय, निकाल काय, कारण काय, पुढे त्याचं काय झालं. केशवानंद सांगून झाल्यावर तिने कांदा चिरता चिरता विचारलं, "राज्यघटनेची मूळ चौकट संसदेला बदलता येत नाही म्हणतेस, पण चौकटीत काय काय येतं त्याची यादी दिलीय का कोर्टाने?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी परत ग्रंथालय. वायव्हाला परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला.

खडूफळा, १९ ऑगस्ट, दुपारी २:००

वकीलबाई, म्हणजे तुमचा पाठकोरा कागद कांदा चिरत होता, एवढाच फरक!

कोथरूडची_काकू, १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

आमच्याकडे वीस वर्षं मुली पेइंग गेस्ट राहिल्या, त्यामुळे मला अभ्यासातलं कळत नसलं तरी अभ्यास कधी बिघडतो ते आधी कळतं. मेस लावताना खाडे किती दिवस आधी सांगायचे आणि पैसे वळते होतात का ते विचारून घ्या. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्या रात्री मुली वेफर्स खाऊन झोपतात. सोमवारी सकाळच्या लेक्चरला कोण डुलक्या काढतं ते बघा एकदा. मुगाची डाळ आणि तांदूळ, एक छोटा कुकर. बास.

आणि "रात्री जागून अभ्यास होतो" हे थोतांड आहे. एक मुलगी पहाटे चारपर्यंत दिवा लावून बसायची. मला वाटलं गुणाची पोर. एकदा पाणी द्यायला गेले तर मोबाईलवर गावाकडच्या मैत्रिणीशी बोलत रडत होती. ऑक्टोबर महिना होता. घरची आठवण गणपतीत नाही येत फारशी, गर्दी असते. दिवाळीच्या तोंडावर येते. आई-बापांनी मार्क विचारायच्या आधी जेवलीस का ते विचारावं. अभ्यासाच्या धाग्यावर हे अवांतर वाटत असेल तर सोडून द्या.

गोदाकाठ, १९ ऑगस्ट, रात्री ११:५०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पहिल्या वर्षालाच आहे. दहावीपर्यंत झेडपीची शाळा आणि मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी होती पण सर मराठीतच शिकवायचे. इथे सगळं इंग्रजीतून, आणि वेगात. मी वीस मिनिटांचं करून बघितलं आज. आठवत होतं, पण लिहिता येत नव्हतं. वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत पुढचं विसरायचो. वर्गात एकदा प्रश्न विचारला तर मागून कोणीतरी माझी नक्कल केली. तेव्हापासून विचारत नाही. मराठीत लिहिलं तर चालेल का? का त्याने अजून मागे पडेन?

खडूफळा, २० ऑगस्ट, सकाळी ७:०५

गोदाकाठ, तुझ्यासाठी सकाळी लवकर उठून लिहितेय.

मराठीत लिही. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, बाण, आकृत्या, काहीही. तो कागद रद्दीत जाणार आहे, विद्यापीठात नाही. तुला दोन कामं एकदम करायला लागतायत, विषय आठवणं आणि भाषा जुळवणं. दोन्ही वेगळी कर. आधी मराठीत सगळं ओतून टाक. मग त्यातली फक्त तीन वाक्यं निवड, परीक्षेत लागतील अशी, आणि तेवढीच इंग्रजीत लिही. पुस्तकातलं वाक्य बघून नीट कर. रोज तीन म्हणजे महिन्याला नव्वद. पहिल्या वर्षाच्या उत्तरांत वाक्यांचे साचे तेच तेच येतात, तुझ्या लक्षात येईल.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आख. डावीकडे तुझा शाळेतला शब्द, उजवीकडे इथला. संवेग – मोमेंटम. त्वरण – अ‍ॅक्सिलरेशन. जडत्व – इनर्शिया. तुला हे येतंय रे, फक्त दुसऱ्या नावाने येतंय. उलट "जडत्व" म्हटल्यावर जड वस्तू हलायला कशी कुरकुर करते ते तुला आपोआप दिसतं. इनर्शिया हा शब्द नुसता घोकणाऱ्याला ते दिसेलच असं नाही.

आणि प्रश्न वर्ग संपल्यावर विचार, सर फळा पुसत असतात तेव्हा. मी अकरा वर्षं फळा पुसलाय. त्या दोन मिनिटांत जो येतो त्याचं नाव शिक्षक विसरत नाही. नक्कल करणाऱ्याचं लक्षातही राहत नाही.

पेठेतला_पोपट, २० ऑगस्ट, सकाळी ९:३०

गोदाकाठ, त्या नक्कल करणाऱ्याला विचार, "नारायण पेठेतला आहेस का?" असेल तर मला कळव, बघून घेतो. बाकी ताईंशी सहमत. +१

आता कोणीतरी सबमिशनबद्दल बोला. खऱ्या आयुष्यात पोरांचा वेळ तिथे जातो. जर्नल, असाइनमेंट, ड्रॉइंगच्या शीट्स. आमच्या वेळी जीटी मारायचो: हॉस्टेलच्या खिडकीची काच काढून दोन स्टुलांवर ठेवायची, खाली टेबललॅम्प, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली. रात्री तीन वाजता चार जण काचेभोवती ओणवे. काच एकदाच फुटली.

एक_बाकडा, २० ऑगस्ट, सकाळी ११:१५

पोपटराव, त्याच जीटीमुळे मी ड्रॉइंगमध्ये नापास झालो. शीट्स सगळ्या वेळेवर सबमिट, सह्या पूर्ण, आणि परीक्षेत कोरा कागद समोर आल्यावर पहिली रेघ कुठून मारायची ते माहीत नाही. पण मला एक सांगा, ७५ टक्के हजेरी, डिफॉल्टर लिस्ट, दर आठवड्याला जर्नल, हे सगळं प्रामाणिकपणे करून माणूस वीस मिनिटं कुठून काढणार? माझ्या कॉलेजात एक सर पडद्यावरची स्लाइड वाचून दाखवायचे आणि तीच असाइनमेंट म्हणून उतरवून आणायला सांगायचे. हा दोष विद्यार्थ्याचा नाही.

खडूफळा, २० ऑगस्ट, दुपारी १२:४०

नाहीच. मी शिक्षक असूनही मान्य करते, निम्मं लिखाणकाम निव्वळ हमाली असते. तेवढ्या हमालीवर जीव ओतू नका, कामचलाऊ करा आणि सही घ्या. पण ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग आणि गणित ही तीन कधीही उतरवू नका. हे विषय हाताला यावे लागतात, डोळ्यांनी येत नाहीत. एक शीट स्वतः काढा, बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा. (हे मी म्हटलं असं कॉलेजात सांगू नका.)

गणिताचा एक घोळ मात्र सांगते. "टेलर सिरीज" या मथळ्याखालची वीस उदाहरणं पोरं ओळीने सोडवतात आणि खूश होतात. पेपरात मथळा नसतो! कोणती पद्धत लावायची हेच तिथे ओळखायचं असतं, आणि त्याचा सराव शून्य.

विसरभोळा, २० ऑगस्ट, दुपारी १:१०

यावरही प्रयोग आहे. २००७, रोहरर आणि टेलर (सिरीजवाले टेलर नव्हेत). घनफळाची गणितं, एका गटाला प्रकारवार, दुसऱ्याला सरमिसळ करून. सरावात प्रकारवारवाले ८९ टक्के बरोबर, सरमिसळवाले ६०. आठवड्याने परीक्षा घेतली: प्रकारवारवाले २०, सरमिसळवाले ६३.

खडूफळा, २० ऑगस्ट, दुपारी १:२५

हे मला अकरा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझे असाइनमेंटचे कागद वेगळे निघाले असते. म्हणूनच जुने पेपर. पण ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उत्तरांसकट वाचायला नव्हेत. दर रविवारी जुन्या पेपरातले शिकवून झालेले चार प्रश्न उचलायचे, वेगवेगळ्या धड्यांतले, आणि घड्याळ लावून करायचे. अप्पा बळवंत चौकात सोडवलेल्या पेपरांची पुस्तकं मिळतात ती घ्यायला हरकत नाही. उत्तरावर पट्टी ठेवायला शिका.

वकीलबाई, २० ऑगस्ट, दुपारी ४:००

अभ्यासिकेचं राहिलं. मी दोन वर्षं लावली होती. पेठेत गल्लोगल्ली आहेत, एमपीएससीवाल्यांनी भरलेल्या. फायदा एकच, बाजूचा वाचत असतो म्हणून आपल्याला लाज वाटते. तोटाही एकच, "चहाला येतेस?" तासाला एक अमृततुल्य, प्रत्येक चहाला पंचवीस मिनिटं आणि त्यात कटऑफची चर्चा. मामा, पहिल्या वर्षाच्या मुलीला हडपसरहून तिथे पाठवू नका. कॉलेजच्या ग्रंथालयात तासभर थांबली तर गर्दीची बसही टळेल.

मामा_हडपसर, २० ऑगस्ट, रात्री ९:००

टाइमटेबल उतरवलं. भिंतीचा रंगही त्याबरोबर निघाला, त्यावरून बोलणी खाल्ली. भाचीला हा धागा वाचायला दिला. कोथरूडच्या काकूंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला, मग आत जाऊन आईला फोन केला. अर्धा तास बोलत होत्या. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला.

गोदाकाठ, ६ सप्टेंबर, रात्री १०:२०

सरांना फळा पुसताना विचारलं. त्यांनी परत डस्टर ठेवून खडू घेतला आणि पंधरा मिनिटं शिकवलं, मराठीत. सर परभणीचे निघाले. मागच्या पानावरचे रकाने एकशे बारा शब्दांपर्यंत गेलेत. पहिल्या टेस्टला तीसपैकी सतरा पडले. कमी आहेत, पण कुठे गेले ते तेराही मला सांगता येतात.

मामा_हडपसर, १४ ऑक्टोबर, रात्री ९:३५

अपडेट. भाची आता बसमध्ये डोळे मिटून पुटपुटते म्हणून कंडक्टरला वाटलं जप करते, त्याने तिला बसायला जागा करून दिली. रात्रीची वीस मिनिटं आठवड्यातून चार दिवस तरी होतात. एक अडचण आहे. तिने माझ्याकडे पाठकोरे कागद मागितले आणि आमचं ऑफिस दोन वर्षांपूर्वी पेपरलेस झालंय. घरातल्या लग्नपत्रिका संपल्या, सोसायटीच्या नोटिसा संपल्या. आता ती माझ्या जुन्या पॉलिसीच्या फायलीकडे बघतेय.

खडूफळा, १४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. फसलेल्या प्रिंटा टेबलाखाली खोक्यात पडलेल्या असतात, किलोच्या भावाने देईल. पॉलिसी कपाटात ठेवा, कुलूप लावून.